मागच्या सीटवरची जागा

किल्लीचं घुंगरू वाजलं. एकदाच, एवढंसं. दुपारची सामसूम होती. ज्ञानू माझ्या कुशीत झोपलेली, लाईट गेलेली असल्यामुळे पंख्याचाही आवाज नाही, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्या आवाजानं पोटात काहीतरी दचकलं. पोटात आता दचकण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी दचकायचं ते तिथंच दचकलं. गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला श्रावणापासून नुसती टांगलेली होती. तिला ते घुंगरू ज्ञानूनंच बांधायला लावलेलं, स्वतःच्या तुटक्या पैंजणातलं. म्हणे, बाळाला आतून दिसत नाही ना, मग आपण निघालो हे त्याला कळायला नको? मी वळून पाहिलं तर कौस्तुभ दारात उभा, किल्ली मुठीत गच्च धरून, पुन्हा वाजू नये म्हणून. स्वतःच्याच घरात चोरी करताना सापडल्यासारखा चेहरा. "जागी आहेस?" तो म्हणाला. "जरा सीटचं बघून येतो. चांगल्या, आरामशीर टाकून घेऊ."

आरामशीर. हा शब्द श्रावणात आमच्या घरी मुक्कामाला आला तो गेलाच नाही. सासूबाई फोनवर बहिणीला सांगतात, "आरामशीर सीट टाकून घे म्हटलंय त्याला, हिच्या कमरेला सोसतील अशा." खालच्या मजल्यावरचे विचारतात, गाडी झाकूनच ठेवलीये का हल्ली, तर कौस्तुभ सांगतो, सीट बदलायच्यात. सीट बदलायच्यात म्हणून आम्ही दिवाळीत कुठं गेलो नाही. सीट बदलायच्यात म्हणून भाऊबीजेला माझा भाऊच इकडे आला. बाळाचं नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचं तर हाताशी शब्दच नव्हता. सीट हा शब्द होता. तो सगळ्यांनी आपापसात वाटून घेतला. सुतक धरायचं की नाही, हे सासूबाईंनी गावी दोन-तीन जणांना विचारलं आणि मग धरलं नाही. त्यामुळे गॅलरीत कंदीलही लागला. मी त्याच्याकडे बघत बसायचे. वाऱ्यानं त्याच्या झिरमिळ्या हलायच्या. सुतक नव्हतं. काही झालंच नव्हतं. फक्त सीट वाईट होत्या.

ती मारुती कौस्तुभनं ज्ञानूच्या वेळी घेतली, कुणाकडून तरी वापरलेली. पांढरी, छोटीशी, चारजण बसले की आतल्या हवेलाही जागा उरत नाही. मागच्या सीटचा फोम बसलेला होता आणि उजवीकडे एक स्प्रिंग रेक्झीनच्या खालून कमरेला टोचायची. आम्ही तिच्यावर चादर घडी करून टाकायचो. सातवा लागल्यावर डॉक्टरांनी मला पाय वर घेऊन बसायला सांगितलं, म्हणून मी मागे बसायला लागले, आणि मग ज्ञानूचा खेळ सुरू झाला. ती माझ्या शेजारी बसायची आणि गाडी निघाली की स्वतःच म्हणायची, "सरका, सरका, बाळ आलं." मग दाराला चिकटेपर्यंत सरकायची आणि आमच्या दोघींमध्ये वीतभर जागा सोडायची. त्या जागेवर हात ठेवून विचारायची, "एवढी पुरेल ना?" मी म्हणायचे, "पुरेल गं, ते केवढंसं असणार." कौस्तुभ आरशातून बघून हसायचा. तो आरशातून हसताना फक्त डोळे दिसायचे. मला तेव्हा ते डोळे फार आवडायचे.

त्या दिवशी आम्ही होळीच्या बाजारातून येत होतो. नवीन राहायला आलेले लोक होळी म्हणजे सण समजतात, गावाचं नाव म्हटलं की हसतात. मीही लग्न होऊन आले तेव्हा हसले होते. आळूची पानं, दुधी, वांगी असं काहीबाही घेतलं होतं. मोठ्या रस्त्यावर कुठली तरी मिरवणूक अडकलेली, म्हणून कौस्तुभनं सांडोरच्या आतल्या रस्त्यानं गाडी घातली. दोन्हीकडे केळीच्या वाड्या, मध्ये एवढासा रस्ता, आणि यंदाच्या पावसानं त्याची चाळण झालेली. तो हळू चालवत होता, खरंच हळू चालवत होता. पण ती स्प्रिंग प्रत्येक खड्ड्याला माझ्या कमरेत बोट खुपसत होती, आणि मी दर वेळी "आई गं" म्हणत होते, थोडं दुखून, थोडं लाडानं. आता वाटतं, ते लाडाचं तेवढं म्हणायला नको होतं. त्याच्या कानात तेच राहिलं. बाळ एकदा हललं, चांगलं ढुशी दिल्यासारखं. ज्ञानूचा हात पोटावर होता, तिलाही कळलं. ती म्हणाली, "त्याला पण लागलं." ते शेवटचं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा आपल्याकडे वळवून घेतला आणि त्या पोटावर तेच यंत्र पुन्हा पुन्हा फिरवत राहिल्या. नंतर त्यांनी कौस्तुभला नीट समजावलं, माझ्यासमोर समजावलं, की खड्ड्यांचा, सीटचा काही संबंध नाही, असं होतं कधीकधी, कारण सापडतंच असं नाही. तो मान हलवत राहिला. पण कारण सापडत नाही, हे घेऊन घरी कसं यायचं? घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कशानं रे झालं असं?" आणि त्याला काहीतरी द्यावं लागलं. त्यानं सीट दिली. सासूबाईंनी ती दोन्ही हातांनी धरली. कारणच नसण्यापेक्षा सीट बरी होती.

बाळ मला दाखवलं, एकदा, गुंडाळलेलं. कपाळ कौस्तुभसारखं होतं. मग तो त्याला घेऊन गेला. एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. हे मला माहीत होतं, जसं आपल्याला पुष्कळसं माहीत असतं, लांबच्या लोकांचं. गाडी घेऊन गेला आणि संध्याकाळी दवाखान्यात परत आला तेव्हा त्याच्या चपलांना लाल माती होती. चार दिवसांनी घरी आल्यावर मी विचारलं, कुठं? त्यानं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई माझ्या उशाशी बसून माझ्या केसांत तेल घालत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "आईनं ती जागा विचारायची नसते गं," त्या म्हणाल्या, अगदी मायेनं. "एकदा कळली की पाऊल तिकडंच ओढ घेतं. मग पुढचं रुजत नाही. माझ्या वेळी माझ्या सासूनं मला सांगितली नव्हती. मी पण विचारली नाही." त्यांच्या वेळी म्हणजे कौस्तुभच्या आधी. मला हे ठाऊकच नव्हतं. मी वळून त्यांच्याकडे बघायला गेले तर त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांनी पुन्हा सरळ केलं आणि वेणी घालायला घेतली. दूध येऊ लागलं तेव्हा त्यांनीच मोगऱ्याचे गजरे आणवले आणि माझ्या छातीवर ठेवून पंच्यानं आवळून बांधले. त्यानं दूध आटतं म्हणतात. रात्रंदिवस तो वास, दुधात आंबलेला मोगरा. मी विचार करत पडायचे, ते एकटं आहे का तिथं, की आजूबाजूला अजून कुणाची आहेत. त्याला नेलं तेव्हा कुणाच्या मांडीवर होतं? की मागच्या सीटवर ठेवलं होतं, नुसतंच? मग त्या रस्त्यानं गेले असतील तर खड्ड्यात ते हललं असेल, घरंगळलं असेल. मला बाकी काही नको होतं. जागा हवी होती. इतकंच की मनात त्याच्याकडे तोंड करून झोपता यावं. दिशा तरी कळावी. मी कधी भिंतीकडे तोंड करून झोपते, कधी खिडकीकडे.

"मीही येते," मी म्हणाले. कौस्तुभला ते अपेक्षित नव्हतं. "तू कशाला? धूळ असते तिथं." मी म्हटलं, "बसायचं मला आहे ना?" ज्ञानू उठली, तिला फ्रॉक घातला, आणि आम्ही खाली आलो. गाडीवरचं कापड त्यानं काढलं तेव्हा आतून फिनेलचा वास आला. त्यानंच कधीतरी आतून धुतली असावी. मला सांगितलं नव्हतं. मी मागे बसले. स्प्रिंग होती तिथंच होती. तिनं मला ओळखलं.

सीट कव्हरचं दुकान माणिकपूरला, चर्चच्या अलीकडच्या गल्लीत. चालवणारी ग्रेसी म्हणून एक बाई, सांडोरची, चाळिशीची, कपाळावर चष्मा आणि तोंडात टाचण्या. तिचा नवरा आतल्या बाजूला मशीनवर शिवत बसतो, ती गिऱ्हाईक बघते. फूटपाथवर सीट मांडून ठेवलेल्या, रांगेत, रस्त्याकडे तोंड करून, जणू समोर काही कार्यक्रम व्हायचाय. कौस्तुभ एकेकीवर बसून बघायला लागला. नुसता बसत नव्हता, बसून उड्या मारत होता. डावीकडे झुकून आपटायचा, उजवीकडे आपटायचा, कमरेच्या मागे मूठ घालून दाबायचा. येणारीजाणारी माणसं बघत होती. ग्रेसीनं टाचण्या तोंडातून काढल्या. "साहेब, सीट आहे हो ती. घोडा नाय." ज्ञानू खिदळली. मलाही हसू आलं, पण तो हसला नाही. मला दिसत होतं तो काय करतोय ते. तो बसून सांडोरचा रस्ता चालवत होता. एकेक खड्डा त्याला पाठ होता.

"या कुठून आल्या?" त्यानं दोन राखाडी सीटकडे बोट केलं. पाठ उंच, डोक्यापर्यंत टेका. "अपघाताच्या गाडीच्या नाहीत ना?" ग्रेसीनं छातीवर हात ठेवला. "देवा शप्पथ नाय. माझ्या दिराच्या गाडीच्या, फेबियनच्या. गाडी मोठी घेतली, सीट आवडल्या नाय म्हणून लेदरच्या टाकल्या, आणि नंतर स्वतःच गेला कतारला. आता लेदरवर उंदीर बसतात." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुढं या दोन चालतील, बाय. मागची मात्र मी नवीन भरून देते. खालून कडक फोम, वर मऊ. नुसत्या मऊनं कंबर जाते. मागं कोण बसतं?" ज्ञानू म्हणाली, "आई बसते, मी बसते आणि—" आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. पाच वर्षांचं पोर, कुठं थांबायचं ते शिकलं होतं. ग्रेसीनं आमच्याकडे एकदा नजर टाकली आणि टेप घेऊन गाडीत शिरली.

तासाभरात मागची सीट सुटून बाहेर आली. तिनं ती फूटपाथवर उन्हात ठेवली, पोट वर करून, आणि कात्रीनं रेक्झीन उसवायला घेतलं. आतला फोम पिवळा, करपल्यासारखा, बोट लावलं की भुगा. उजवीकडे एक खोलगट खळगा होता, माझ्या बसण्याचा, आणि तिथं रेक्झीनच्या आतल्या बाजूला एक डाग, धुतल्यावरही न गेलेला, कडेनं तपकिरी. माझा होता की त्याचा, कोण जाणे. गुंडाळलेल्यातून काही झिरपलं असेल का? मी वाकून हात ठेवला. ऊन लागून तो गरम झाला होता. अंगासारखा गरम. "नका हात लावू, बाय, बोटाला खाज सुटेल," ग्रेसी म्हणाली. "हा फोम मेला. यात आता काय उरलं नाय." तिच्या मनात तसं काही नव्हतं, ती दिवसातून दहा वेळा हेच म्हणत असणार. पण कौस्तुभ उठून गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि पाठ करून उभा राहिला. ग्रेसीनं विचारलं, "जुनी नेणार की भंगारात टाकू?" मी म्हणाले, "टाका." माझाच आवाज, पण मी म्हणायला गेले होते दुसरंच काहीतरी.

काम चालू असताना ती बोलत होती. सीट आजच देते, उद्यापरवा दुकान बंद, दोन तारखेला मृतांचा दिवस, आजपासून कबरी साफ करायच्या, चुना लावायचा. "माझ्या सासूची आहे, आईची आहे. आणि एक पोरगा आहे माझा, पहिला. एका दिवसाचा होता. त्याची एवढीशी आहे." तिनं हातातला फोमचा तुकडा दाखवला, तेवढीशी. "त्याला मी झेंडू नाय ठेवत, मेणबत्ती पण छोटीच लावते. वाढदिवसाची असते ना, ती. नवरा हसतो मला." मशीन थांबलं, आतून नवरा म्हणाला, "हसत नाय गं," आणि मशीन पुन्हा सुरू झालं. मला तिचा इतका हेवा वाटला की तोंड कडू झालं. तिला दिशा माहीत होती. ती चालत जाऊ शकत होती. वाकून गवत उपटू शकत होती. मला विचारावंसं वाटलं, तुमचं पुढचं रुजलं का हो? पण आतल्या दोरीवर तिच्या मुलीचा शाळेचा गणवेश वाळत होता.

शेवटी तिनं आरशाला टांगायला वासाची डबी काढली. "ही माझ्याकडून. मोगरा." मी "नको" म्हणाले, जरा मोठ्यानं. ती डबी तिनं पटकन खिशात टाकली. "राहू दे तर. जा, एक फेरी मारून या. कुठं टोचलं, खुपलं तर आत्ताच सांगा, दोन तारखेनंतर मी ऐकणार नाय."

सीट खरंच आरामशीर होती. हे लिहिताना लाज वाटते, पण होती. पाठीला कुणीतरी मागून हात दिल्यासारखं वाटत होतं. कौस्तुभनं गाडी मोठ्या रस्त्यानं घेतली, होळीपर्यंत. सासूबाईंना भाजी हवी होती. बाजारात केळीवाल्यांच्या टोपल्या ओळीनं मांडलेल्या होत्या, आणि ज्ञानू म्हणाली, "बाबा, केळी." तो म्हणाला, "केळी नकोत." लगेच, विचार न करता. तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी हललं, अगदी सावकाश, खोलीत कुणी उठून बसावं तसं. श्रावणापासून आमच्या घरात केळं आलेलं नाही. सांडोरचे तुळशीदासकाका, कौस्तुभच्या वडिलांचे मित्र, स्वतःच्या वाडीतली केळी सायकलवरून आणून द्यायचे, कित्येक वर्षं. श्रावणानंतर ते एकदाच आले. हात रिकामे. उंबऱ्याशी बसून पाणी प्यायले, माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाले, "सगळं नीट आहे, वहिनी," आणि गेले. मला वाटलं होतं, त्यांच्या तब्येतीबद्दल बोलतायत. दिवाळीच्या बाजाराला रिक्षानं होळीला आलो तेव्हाही कौस्तुभ रिक्षावाल्याला म्हणाला होता, "मोठ्या रस्त्यानं घ्या." रिक्षावाला म्हणाला, आतून जवळ पडतं. हा म्हणाला, "मोठ्या रस्त्यानंच घ्या." आणि चपलांची ती लाल माती, वाडीची, ओली. सगळं माझ्यासमोरच पडलेलं होतं. मला कुणीच सांगितलं नव्हतं आणि कुणाला नीट लपवताही आलं नव्हतं.

परत फिरताना फाटा आला तेव्हा मी म्हणाले, "सांडोरवरून जाऊ." त्यानं आरशातून पाहिलं. "तिकडे रस्ता खराब आहे." मी म्हणाले, "आता सीट चांगल्या आहेत ना." आरशातले डोळे तसेच राहिले. मागून एकानं हॉर्न वाजवला. मग त्यानं गाडी वळवली.

केळीच्या वाड्यांतून संध्याकाळचं ऊन फाटून फाटून रस्त्यावर पडलं होतं. पाटाला पाणी सोडलेलं, त्याचा ओला वास. खड्डे होते तसेच होते. फोम ते खाऊन टाकत होता, माझ्या कमरेपर्यंत काही पोचतच नव्हतं, आणि मला ते सोसेना. मी हातानं चाचपून बघितलं, ती स्प्रिंग कुठं आहे. मी त्याच्या मानेकडे बघत होते. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलं तर त्याला खोटं बोलावं लागेल, आणि तो चांगला माणूस आहे. नुसतं बघायचं. एका विहिरीजवळ त्याची मान ताठ झाली. डावीकडे तुळशीदासकाकांची वाडी, कुंपणाला लाल जास्वंद. गाडीचा वेग कमी झाला, आणखी कमी झाला. डावीकडे न बघण्यासाठी तो इतका प्रयत्न करत होता की मलाच त्याची दया आली.

"थांबव," मी म्हणाले.

गाडी थांबली. इंजिन चालूच होतं. किल्लीचं घुंगरू त्या थरथरीनं बारीक वाजत होतं. आम्ही कुणीच दार उघडलं नाही. वाडीत, विहिरीपलीकडे, एका केळीच्या बुंध्याशी विटांचं छोटं आळं केलेलं दिसत होतं, आणि ती केळ बाकीच्यांपेक्षा लहान होती, नवी लावलेली. मी किती वेळ बघत होते, मला माहीत नाही. मग कौस्तुभ बोलला, पुढं बघत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून.

"हळू आणलं होतं मी, नेत्रा. काकांनी मांडीवर घेतलं होतं. एकही खड्डा लागू दिला नाही."

मला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. नवीन सीटची पाठ मध्ये उंच आली होती, हात पोचेना.

ज्ञानू आळीपाळीनं आमच्या दोघांकडे बघत होती. मग तिनं बाहेर पाहिलं, वाडीकडे, रिकाम्या पायवाटेकडे. घुंगरू वाजतच होतं. तिनं फ्रॉक सारखा केला आणि दाराला चिकटेपर्यंत सरकली. आमच्या दोघींच्या मध्ये नव्या कोऱ्या कापडावर वीतभर जागा झाली. तिच्यावर तिनं हात फिरवला.

"आई," तिनं विचारलं, "आता येतंय का ते?"